पुतळामावशीचा ग्लास

मळवली,
ता. २७ ऑक्टोबर २०२५

ती. लीलाआत्यास,
सारिकाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ओरडून सांगायचं म्हटलं तर तुझ्याआधी आमच्या अख्ख्या आळीला कळतं. म्हणून आपलं पत्रच बरं. हे रोज तळेगावला कंपनीत जातातच, जाता जाता तुझ्या दुकानात टाकतील. उघडून वाचायचं नाही अशी शपथ घातली आहे, तरी भरवसा नको म्हणून पाकीट चांगलं चिकटवलंय.

दिवाळीची गर्दी ओसरली, पण माझा जीव काही थाऱ्यावर नाही. शनिवारी बंगल्यावर मुंबईचे पाहुणे होते. स्विमिंग पूलच्या काठावर कोणीतरी काचेचा ग्लास ठेवला, कोणाचा तरी पाय लागला, आणि निम्म्या काचा पाण्यात गेल्या. पाण्यात काच दिसत नाही, आत्या. सगळ्यांना ओरडून बाहेर काढेपर्यंत एका मुलीच्या पायात घुसली. लोणावळ्याला नेऊन टाके घातले. मुलगी आता हसते-खेळते आहे, तिच्या आईने काल तसा मेसेज केला. तिचं रडणं मात्र माझ्या कानातून जात नाही. मी घरात चालतानासुद्धा खाली बघून चालते. परवा भाकरीच्या पिठात मीठ पडलं, तर काच चमकली असं वाटून सगळं पीठ टाकून दिलं.

पूल पूर्ण रिकामा करावा लागला. पुतळामावशी आत उतरली आणि पूलचा तळ हातांनी चाचपत इंचाइंचाने सरकत राहिली. तिच्याबद्दल मी तुला मागे सांगितलं होतं बघ, डोंगरावरच्या वाडीतली, शिदूकाकांची बायको. बंगला चालवायला घेतला तेव्हापासून ती माझ्या जोडीला आहे. लोक पूलसाठी येतात आणि तिच्या हातच्या रश्श्यासाठी परत येतात. मी तिला बाहेर ये म्हणत होते, तर ती मलाच दटावत होती की तू हितं उबी ऱ्हाऊ नगंस, तुजी सावली पडती, मला दिसत न्हाई.

बंगल्याचे मालक राजेंद्रशेठ पुण्याहून आले होते. चिडले नाहीत, पण पुन्हा असं झालं तर दुसरं माणूस बघावं लागेल असं शांतपणे सांगून गेले. आता मला सांग, ग्लासांचं काय करू? स्टीलचे दिले तर पाहुणे नाक मुरडतात, त्यांना आत काय आहे ते दिसायला हवं. कागदाचे वाऱ्याने उडून शेजारच्या भातात जातात. ते पातळ प्लास्टिकचे हातात धरले की चेपतात आणि सरबत अंगावर. तुझा सगळा जन्म मांडव आणि भाड्याच्या भांड्यांत गेला, तूच काहीतरी सुचव.

माझी आठवण ठेव आणि उत्तर लवकर पाठव.
तुझी,
सारिका

•

तळेगाव दाभाडे,
ता. ३० ऑक्टोबर

चि. सौ. सारिका हिस,
लीलाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पाकीट इतकं चिकटवलं होतंस की फोडताना निम्मं पत्र फाटलं. अमृतरावांनी वाचलं असतं तरी चाललं असतं, निदान मला आख्खं मिळालं असतं. तुकडे जोडून वाचलं. मुलगी बरी आहे हे वाचून देव्हाऱ्यापुढे साखर ठेवली.

आता ऐक. प्लास्टिक म्हटलं की तू तोंड वाकडं करशील, पण मी लग्नात वापरून फेकतात त्याबद्दल बोलत नाही. जाड प्लास्टिकचे ग्लास येतात, काचेसारखे स्वच्छ आणि हाताला वजन लागणारे. इथल्या सोसायट्यांच्या गच्चीवर वाढदिवस असले की आता हेच मागतात. मी पूर्वी काचेचे पाठवायची तेव्हा एकेक कागदात गुंडाळून, मध्ये पेंढा घालून पाठवायची, आणि परत येताना डझनातले चार-दोन देवाघरी गेलेले असायचे. हे एकात एक बसतात, एका पोत्यात मावतात, हातातून सुटले तर टणकन उडतात आणि पुन्हा जागेवर येतात. सरबताचा रंग दिसतो, बर्फ दिसतो, त्या तुझ्या पाहुण्यांचं आणखी जे काही असतं तेही दिसतं. पाहुण्याला वाटतं काच आहे, आणि तुला रात्री झोप लागते.

मात्र जिवापाड सांभाळावे लागतात. तारेच्या घासणीने घासलेस तर महिन्यात धुरकट होतील, मऊ फडकंच घ्यायचं. कडकडीत चहा ओतायचा नाही. रश्श्याचा हात लागला तर लगेच धुवायचे, नाहीतर हळदीचा डाग सात जन्म जात नाही. आणि ओले असताना एकात एक घालू नकोस, असे चिकटून बसतात की दोन माणसं लागतात सोडवायला. एवढं केलंस तर तुझ्या लेकीच्या, अपेक्षाच्या, लग्नापर्यंत टिकतील. ती अजून कॉलेजात आहे हे मला माहीत आहे, म्हणूनच म्हणते.

अमृतरावांच्या मोटारसायकलला पोतं बांधून दिलंय. वाटेत कार्ल्याच्या फाट्यावर मित्र भेटले तर पोतं उतरवून गप्पा मारू नका म्हणून बजावलंय. तुझ्या सासूबाईंना, नंदाबाईंना, प्लास्टिकचं वावडं आहे ते मी जाणते. तुझ्या लग्नात त्यांनी माझ्या दुकानाची चकाचक भांडी माझ्यासमोर परत घासून घेतली होती. त्यांना म्हणावं, हे घरासाठी नाहीत, बंगल्यासाठी आहेत.

खाली बघून चालणं आता सोड, मान आखडेल. 
तुझी,
लीलाआत्या

•

मळवली,
ता. १० नोव्हेंबर

ती. लीलाआत्यास,
सारिकाचा सा. न. वि. वि.

तुझ्या ग्लासांना नमस्कार! दोन शनिवार-रविवार झाले, एकही फुटला नाही, म्हणजे फुटतच नाहीत ते. पहिल्या दिवशी पुतळामावशीचा विश्वास बसेना. तिने एक घेतला, पाणी भरून प्यायली, आणि रिकामा ग्लास फरशीवर आपटला. तो उडून तिच्याच गुडघ्याला लागला. आम्ही दोघी बंगल्याच्या स्वयंपाकघरात खाली बसून हसत होतो, आणि बाहेरून पाहुणे विचारत होते की जेवणाला किती वेळ. मग तिने दुसरा आपटला. तिसरा मी काढून घेतला.

रविवारी एका पाहुण्याचा ग्लास वरच्या गॅलरीतून खाली आला. मी डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तर ग्लास जास्वंदीच्या बुडात लोळत होता, आणि पाहुणा वरूनच तो पुन्हा भरून मागत होता. राजेंद्रशेठना फोनवर सांगितलं, ते खूश झाले. तरी मी काठावर ग्लास दिसला की धावते, सवय जात नाही. मावशी म्हणते, तुज्या पायाला भिंगरी हाय.

दुसरी बातमी. आमच्या धाकट्या दिरांचं, सत्यमचं, जमलं. मुलगी वडगावची आहे, गुणी आहे, आणि सत्यमला गप्प बसवते म्हणजे आणखी काय हवं. साखरपुडा रविवारी, सोळा तारखेला, आमच्याच दारात आहे. तू ये. ऐकू आलं नाही तर मी तुझ्या शेजारी बसून कागदावर लिहीत जाईन.

मी या वेळी पुतळामावशीला आणि तिच्या मुलीला, बबिताला, आमंत्रण दिलंय. कामाला नाही, पाहुणी म्हणून. तिने नवं लुगडं काढायचं म्हणून पेटी उपसली असं बबिता सांगत होती. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या. त्यांचं हो आहे की नाही ते कळेना. मला उगीच धाकधूक वाटते आहे. बंगल्यावरचे नवे ग्लास मी त्या दिवसापुरते घरी आणणार आहे, मावशीला त्यातूनच सरबत देणार. पुणे-मुंबईच्या पाहुण्यांना जे देतो तेच तिला.

तुझ्या हातचे अनारसे आणायला विसरू नकोस, तुझ्याहून त्यांची वाट जास्त बघतोय.
तुझी,
सारिका

•

मळवली,
ता. १८ नोव्हेंबर

ती. लीलाआत्यास,
सारिकाचा सा. न. वि. वि.

गुडघ्याने दगा दिला आणि तू आली नाहीस, ते बरंच झालं असं आता वाटतं. साखरपुडा छान झाला. सगळे तसंच म्हणतात. माझ्या हातून मात्र काहीतरी फार वाईट झालं आहे आणि दोन दिवस मी एका जागी बसू शकत नाही. हे पत्रही तीनदा उठून लिहिते आहे.

गर्दी होती. वडगावच्या बायका ओटीवर आणि माजघरात होत्या. पुतळामावशी आणि बबिता आल्या आणि आपणहून गोठ्याकडच्या भिंतीला टेकून अंगणात बसल्या. मी त्यांना बघितलं आणि मला इतका आनंद झाला की सगळं टाकून मी नवे ग्लास काढले, कोकम सरबत भरलं, वर पुदिन्याचं पान ठेवलं, आणि तबक घेऊन सगळ्यांच्या आधी त्यांच्याकडे गेले. मावशीने ग्लास हातात घेतला. तेवढ्यात सासूबाई आतून स्टीलच्या ग्लासांचं तबक घेऊन ओटीवर आल्या, घरचे, नावं घातलेले ग्लास. सगळ्या बायकांनी ते घेतले. मावशीने एकदा ओटीकडे बघितलं, एकदा हातातल्या ग्लासाकडे. मग तो न पिता जमिनीवर ठेवला, इतका हळू की जणू काचेचाच आहे, आणि उठली.

मी फाटकापर्यंत धावले. मावशी थांबली नाही. बबिता थांबली आणि म्हणाली की आत स्टील आन भाईर प्लाष्टिक, आमाला कळत न्हाई व्हय?

आत्या, तू हे गाव बघितलं आहेस. आमच्या मागच्या भिंतीत एक खुंटी आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा तिच्यावर ॲल्युमिनियमचा एक ग्लास टांगलेला असायचा, वाडीवरून कामाला येणाऱ्यांसाठी. घरातलं कोणी त्यातून पीत नसे. ते विसळून तिथेच टांगून जायचे. पुढे ह्यांनीच तो काढून फेकला. मला वाटलं संपलं ते. आणि आता मीच हाताने नवा ग्लास करून दिला, वर पुदिना लावून.

सोमवारी ती बंगल्यावर आली नाही. आजही नाही. निरोप पाठवला, तर शिदूकाका म्हणाले की तिला बरं न्हाई. कालच्या पाहुण्यांना मी खानावळीतून डबे मागवले. एकतीस डिसेंबरचं बुकिंग आहे, आणि पाहुणे आधीच विचारतात की त्या मावशी आहेत ना. पण ते सोड. स्वयंपाकाला दुसरी बाई मिळेल, बंगला चालेल. तिच्याशिवाय मला तो चालवायचा नाही. काल तिच्या वाडीच्या वाटेला लागले आणि ओढ्यापासून परत आले, काय बोलू सुचेना म्हणून.

लगेच लिही. मी उद्या ह्यांच्या येण्याची वाट बघते.
सारिका

•

तळेगाव दाभाडे,
ता. २० नोव्हेंबर

चि. सौ. सारिका हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी अमृतरावांना दुकानातच बसवून ठेवलं आणि समोरच्या नाव घालणाऱ्या पोऱ्याला हाक मारली. का, ते पुढे सांगते.

आधी तुझं डोकं ठिकाणावर आण. तू वाईट मनाने केलं नाहीस. चूक माझ्या ग्लासांची झाली. ते पार्टीला चांगले, पण मानाच्या ठिकाणी आपल्याकडे अजून स्टीलच लागतं. साखरपुड्याला आलेल्या बाईच्या हातात प्लास्टिक दिलंस, मग ते कितीही भारी असेना. मांडवात मी हे हजारदा बघितलं आहे. नवरदेवाच्या मामाला चांदीच्या जागी स्टीलची वाटी गेली म्हणून जेवणं खोळंबलेली मी पाहिली आहेत. माणसं भांड्यावरून मान मोजतात.

म्हणून या पत्राबरोबर एक स्टीलचा ग्लास पाठवते आहे. जड आहे, दुकानातला सगळ्यात उत्तम. त्यावर सुरेख अक्षरात नाव घालून घेतलं आहे, सौ. पुतळाबाई शिदू, आणि खाली, सारिकाकडून सप्रेम. आपल्या लेकीसुनांना आपण देतो तसा. तो घेऊन स्वतः जा, ओढ्यापासून परत फिरू नकोस. तिच्या हातात दे. नाव बघितल्यावर कुठल्या बाईचं मन विरघळत नाही ते मला सांग.

आणि जेवत जा. अमृतराव म्हणतात तू ताटावरून अर्ध्यात उठतेस.
तुझी काळजी करणारी,
लीलाआत्या

•

मळवली,
ता. २५ नोव्हेंबर

ती. लीलाआत्यास,
सारिकाचा सा. न. वि. वि.

आत्या, मी तुझ्यावर रागावलेली नाही हे आधी सांगते. मलाही तुझी कल्पना फार आवडली होती.

शुक्रवारी वाडीवर गेले. मावशी दारात नाचणी पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं, घरात बोलावलं, चटई टाकली, पाणी दिलं, घरातल्याच एका ग्लासातून. मग मी पिशवीतून तुझा ग्लास काढला. तिला वाचता येत नाही, म्हणून बबिताने नाव वाचून दाखवलं. मावशी हसायला लागली. ते हसणं बरं नव्हतं. म्हणाली की आदी आमचा ग्लास येगळा व्हता, त्याला नाव नव्हतं. आता येगळ्या ग्लासावर नाव बी आलं.

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी रडत रडत सगळं बोलले, की स्टीलचं काही नव्हतं मनात, की तेच ग्लास मोठमोठ्या पाहुण्यांना देते, की तुला सगळ्यांच्या आधी दिला. ती ऐकत होती. मग म्हणाली की त्या ग्लासाचं काय घिऊन बसलीस, ग्लास लय झ्याक हायेत, मीच धुती की रोज. बबी पोर हाय, तिला स्टील आन प्लाष्टिक दिसलं. मला निराळंच दिसलं. तू ग्लास घिऊन भाईर आलीस. आमाला आत ये म्हनली न्हाईस. बंगल्यात तुज्या संगं एका ताटात जेवती, पर ते शेठचं घर. तुज्या घराचा हुंबरा मी अजून वलांडला न्हाई.

आत्या, हे खरं आहे. मी सगळी वाट आठवत आले. ती किती वेळा आमच्या दारात आली असेल, तांदूळ न्यायला, अपेक्षाला बरं नव्हतं तेव्हा औषधाचा पाला घेऊन, मला बोलवायला. दर वेळी मी हाक ऐकली की लगबगीने बाहेर गेले. मला वाटायचं मी तिला ताटकळत ठेवत नाही. मी तिला आत घेत नव्हते. सासूबाई घरात असतात, नको कटकट, म्हणून माझे पायच आपोआप बाहेर वळायचे. आणि मला ते कधी कळलंसुद्धा नाही.

मी तिला तिथेच म्हटलं की तू माझ्या घरी जेवायला ये, चुलीपाशी बस. ती उठून दारात गेली. सूप उचललं आणि पाखडायला लागली. तुझा ग्लास माझ्या पिशवीत परत आला आहे.

घरी आले ती अशी पेटून आले की आल्या आल्या घरातले सगळे स्टीलचे ग्लास आणि फुलपात्री पेटीत घालून कुलूप लावलं. नवे ग्लास फळीवर मांडले, आणि सगळ्यांसमोर सांगितलं की या घरात आता सगळे एकसारख्या ग्लासातून पितील, आणि पुतळामावशी येईल तेव्हा आत येईल. जेवताना ह्यांनीच पहिला ग्लास भरून घेतला. सासूबाईंनी आयुष्यात प्लास्टिकला तोंड लावणार नाही असं सांगितलं, आणि तेव्हापासून ओंजळीने पाणी पितात. अपेक्षाला तांब्याने ओतायला लावतात. वाट्या आहेत घरात, पण नाही. आल्या-गेल्याला सांगतात की सुनेने म्हातारीला प्यायला भांडं ठेवलं नाही.

मावशी येईल का गं? मी दिवसातून शंभरदा फाटकाकडे बघते. आली नाही तर हे सगळं कशासाठी केलं, आणि आली तर घरात काय होईल, दोन्हीची भीती वाटते.

तुझा आशीर्वाद या वेळी खरंच हवा आहे.
सारिका

•

तळेगाव दाभाडे,
ता. २७ नोव्हेंबर

चि. सारिका हिस,
आशीर्वाद.

मी कपाळावर हात मारून घेतला. चाळीस वर्षं लोकांना भांडी पुरवली आणि एक ग्लास धड देता आला नाही. तो ग्लास परत पाठव, मी त्यात दुकानातल्या पेन्सिली ठेवीन आणि रोज ते नाव वाचीन, म्हणजे शहाणपणा करताना हात आखडता राहील.

नंदाबाईंचं मला नवल वाटत नाही. रुसायला त्यांना कोणी शिकवायला नको. पण म्हातारं माणूस आहे, सारिका, तहानेलं ठेवू नकोस. पाण्याला कोणी ना कोणी घरात राहू दे. त्यांच्याशी भांडू नकोस, टोमणे मारू नकोस, आणि काय वाटेल ते झालं तरी पेटीचं कुलूप काढू नकोस. आज काढलंस तर जन्मभर लावता येणार नाही.

पुतळाबाई येईल की नाही हे मी कसं सांगू? मी तिला बघितलेलं नाही. तिच्या जागी मी असते तर आले नसते, एवढं खरं सांगते. आली तर तुझ्यापेक्षा मोठ्या मनाची आहे असं समज, आणि माझ्यापेक्षा तर आहेच.

काय होईल ते त्याच दिवशी कळव. माझाही जीव टांगणीला लागला आहे, गिऱ्हाइकाने डाव मागितला तर परात दिली काल.
तुझी,
लीलाआत्या

•

मळवली,
ता. २ डिसेंबर

ती. लीलाआत्यास,
सारिकाचा सा. न. वि. वि.

ती आली.

आज दुपारी आली. मी आशा सोडून दिली होती. हे कंपनीत, अपेक्षा कॉलेजात, सत्यम शेतावर. सासूबाई माजघरात जेवत होत्या, मी भाकऱ्या थापत होते. अंगणातून हाक आली. माझे हात पिठाचे, आणि आत्या, पाय सवयीने बाहेर निघाले. उंबऱ्यावर मी स्वतःला धरलं. तिथूनच म्हटलं की मावशी, आत ये. ती उभी राहिली. मी पुन्हा म्हटलं. तिने चपला काढल्या, पायावर पाणी घेतलं, पदर नीट केला, आणि आली. माझ्या घराचा उंबरा ओलांडून आली. मी पाट पुढे केला. ती चुलीपाशी बसली आणि पहिलं काय बोलली असेल, की तुजी भाकरी एका बाजूनं करपली.

सासूबाईंनी सगळं बघितलं. तोंड फिरवून जेवत राहिल्या. आता उठतील, ताट ढकलतील, काही बोलतील आणि ही पुन्हा निघून जाईल, एवढंच मनात. आणि तेवढ्यात त्यांना ठसका लागला. ठेचा लागला असणार घशाला. डोळ्यांत पाणी, श्वास घेता येईना. पाणी ओतायला अपेक्षा नव्हती. मी ग्लास भरून पुढे केला तर त्या अवस्थेतही मान हलवून नको म्हणाल्या, आणि ओंजळ पुढे धरली. मी ग्लास ठेवून तांब्या शोधायला वळले, तो पुतळामावशी उठलेलीच होती. तांब्या तिच्या हातात होता.

ती सासूबाईंच्या पुढ्यात उकिडवी बसली आणि ओंजळीत पाणी ओतलं. ओंजळीला तांब्या जवळजवळ टेकवून, सावकाश, थेंब सांडू न देता. सासूबाई प्यायल्या. पुन्हा प्यायल्या. तांब्या रिकामा होईपर्यंत ती ओतत होती आणि या पीत होत्या. खोकला थांबला.

मग मावशी, आवाज न चढवता, म्हणाली की माजी सासू तुमच्या परसात अशीच वंजळ धरून बसायची. तो ग्लास बी नव्हता तवा. तुमी नव्या सूनबाई व्हता, तुमीच पानी वतायच्या. लय वरनं वतायच्या. निम्मं तिच्या लुगड्यावर जायचं, आन ती वल्या अंगानं डोंगर चढून घरी यायची. मी जवळनं वतलं.

सासूबाईंची ओंजळ तशीच पुढे राहिली होती, ओली. हात खाली घ्यायचं त्यांना सुचेना. तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला तरी मी हलले नाही. मग त्यांनी हात पदराला पुसले, आणि भिंतीकडे बघत मला म्हणाल्या की सारिका, ग्लास काढ. दोन काढ.

मी फळीवरचे दोन काढले आणि भरले. भरताना निम्मं मीच सांडलं. दोघींनी घेतले. दोघी प्यायल्या. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मग मी माझ्यासाठी तिसरा भरला आणि तिथेच, चुलीपुढे बसून, मोठ्याने रडले. मावशीने मला रडू दिलं आणि तवा उतरवून ठेवला.

पत्र त्याच दिवशी लिहायला सांगितलं होतंस, लिहिलं. ह्यांच्याजवळ सकाळी देईन.
आता गुडघा बरा कर आणि एकदा ये, आत येऊन बस.
तुझी,
सारिका